घराच्या पायाभोवतीचा निचरा: तो कसा चालतो, कशाने बिघडतो आणि कसा दुरुस्त करावा

थोड्या वेळात प्रचंड पाऊस कोसळल्याच्या बातम्या आता दर पावसाळ्यात येतात. त्यामागचे भौतिकशास्त्र साधे आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे बरसताना ढगांकडे बरसण्यासारखे पूर्वीपेक्षा अधिक असते. अशा पावसानंतर घराघरांत तक्रारी सुरू होतात. जोत्यावर ओल चढली, गिलाव्याचे पोपडे निघाले, तळघरात पाणी आले. दोष सहसा सिमेंटला, गवंड्याला किंवा रंगाच्या डब्याला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा भिंत ठीकच असते, पण तिच्या पायाशी आलेल्या पाण्याला पुढे जायला वाट नसते. पायाभोवतीचा निचरा म्हणजे ही वाट होय. ती एकदा बांधून विसरून जाण्याची गोष्ट नव्हे, कारण ती गाळाने भरते, दबते, तुंबते, आणि जमिनीखाली असल्यामुळे हे सगळे नजरेआड घडते.

पाणी पायापर्यंत येते कुठून?

सर्वांत मोठा वाटा बहुधा छपराचा असतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर, म्हणजे पाच टन पाणी खाली येते. पन्हळी नसतील, तुंबल्या असतील किंवा पन्हळीचा पाइप भिंतीलगतच रिकामा होत असेल, तर हे पाच टन पाणी नेमके जिथे नको तिथे ओतले जाते. वळचणीखालच्या मातीत पागोळ्यांनी खणलेली लांबच लांब चरी आणि भिंतीच्या खालच्या हातभर भागावर उडालेले चिखलाचे शिंतोडे दिसले, तर रोगाचे निदान निम्मे झाले असे समजावे.

दुसरा स्रोत म्हणजे अंगणातून किंवा शेजारच्या उंच जागेवरून वाहत येणारे पाणी. तिसरा म्हणजे भूजल. पावसाळ्यात जमिनीतील पाण्याची पातळी वर चढते आणि काही ठिकाणी ती पायाच्याही वर येते. चौथा स्रोत लोकांच्या ध्यानात सहसा येत नाही, तो म्हणजे घराचेच गळके नळ आणि सांडपाण्याच्या फुटक्या वाहिन्या. ऐन उन्हाळ्यातही जोत्याची ओल हटत नसेल, तर पावसाला दोष देण्यापूर्वी घरातील सर्व नळ बंद करून पाण्याचे मीटर पाहावे. ते हळूहळू फिरत असेल, तर गळती पुरवठ्याच्या नळीत आहे.

साचलेले पाणी नेमके काय बिघडवते?

पहिली गोष्ट म्हणजे दाब. पाण्याचा दाब केवळ त्याच्या खोलीवर अवलंबून असतो, त्याच्या एकूण साठ्यावर नव्हे. तळघराच्या भिंतीबाहेर दोन मीटर उंचीपर्यंत पाणी साचले, तर भिंतीच्या तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दोन टनांचा दाब येतो आणि भिंतीच्या दर मीटर लांबीमागे एकूण रेटाही सुमारे दोन टनांचाच भरतो. भिंत दहा मीटर लांब असेल, तर हा रेटा वीस टनांवर जातो. त्यासाठी बाहेर तलाव असावा लागत नाही. भिंत आणि माती यांच्यातील बोटभर फटीत उभे राहिलेले पाणीही तेवढ्याच जोराने रेटते. हीच गोष्ट फरशीची. १०० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो असते. पाण्याची पातळी त्या काँक्रीटच्या तळापासून केवळ २४ सेंटिमीटर वर चढली की खालून येणारा दाब त्या वजनाची बरोबरी करतो. त्यापुढे फरशी फुगते, तडकते आणि सांध्यांतून पाणी वर येते.

दुसरी गोष्ट मातीची. काळ्या, चिकण मातीत असे खनिज असते की ती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. घराच्या एका कोपऱ्याशी पाणी साचत राहिले आणि दुसरा कोपरा कोरडा राहिला, तर पाया एकीकडे उचलला जातो आणि दुसरीकडे खचतो. भिंतीवर विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यांसारखा चढत जाणारा तडा हे त्याचे ठळक लक्षण आहे.

तिसरी गोष्ट ओलीची. बारीक छिद्रांमधून पाणी गुरुत्वाच्या विरुद्ध वर चढते. याला केशाकर्षण म्हणतात. मातीतून विटेत आणि विटेतून गिलाव्यात असे ते चढत जाते, पृष्ठभागावर येऊन वाळते आणि सोबत आणलेले क्षार तेथेच सोडते. भिंतीवर फुललेला पांढरा लोणा तो हाच. क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या आत वाढू लागले की गिलावा सुटतो, आणि म्हणूनच नवा रंग वर्षभरही टिकत नाही.

जमिनीखालची व्यवस्था असते तरी कशी?

तत्त्व एकच आहे: पाण्याला भिंतीतून आत शिरण्यापेक्षा सोपी वाट करून द्यायची. पायाच्या बाहेरच्या बाजूने, सगळ्या घराभोवती एक चर असतो. चराच्या तळाशी खडीचा थर, त्यावर साधारण १०० मिलिमीटर व्यासाचा सच्छिद्र पाइप, पाइपभोवती आणि वर पुन्हा खडी, आणि या सगळ्याला बाहेरून गुंडाळलेले न विणलेले कृत्रिम कापड, ज्याला जिओटेक्स्टाइल म्हणतात. पाणी गाळण्याच्या फडक्यासारखे हे कापड पाणी आत सोडते आणि माती बाहेर अडवते. फडक्यासारखेच ते कालांतराने गाळाने बुजतेही. फरक इतकाच, की फडके झटकून धुता येते, पण हे कापड उकरून काढल्याशिवाय हाती लागत नाही.

या रचनेत दोन गोष्टी हमखास चुकतात. पाइपची छिद्रे खालच्या बाजूला ठेवायची असतात, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. पण चरातले पाणी वरून धारेने पडत नाही. खडीत ते तळापासून साचत वर येते. छिद्रे खाली असली की पातळी थोडी चढताच पाणी पाइपात शिरते आणि वाहून जाते. छिद्रे वर ठेवली, तर पाइप बुडेपर्यंत पाणी पायाशी उभे राहते. दुसरी गोष्ट पाइपच्या खोलीची. पाइप तळघराच्या फरशीच्या पातळीखाली हवा, पण पायाच्या बुडापेक्षा खोल जाता कामा नये, कारण तसे झाल्यास पायाखालची आधाराची मातीच सैल होते.

उतार दर १०० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर ठेवावा. वीस मीटर लांबीच्या पाइपमध्ये दोन्ही टोकांत २० सेंटिमीटरचा फरक यायला हवा, आणि हा फरक अंदाजाने न ठरवता पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने किंवा पाणसळीने तपासावा. शेवटी पाइप उताराच्या जागी उघडा पडतो, शोषखड्ड्यात जातो किंवा, जमीन सपाट असेल तर, एका खड्ड्यात येतो आणि तेथून पंप पाणी उपसून टाकतो. पाइपच्या वळणांवर उभे साफसफाईचे पाइप ठेवलेले असावेत. ते नसतील तर पुढची देखभाल म्हणजे अंधारात चाचपडणे होय. बांधकामाच्या वेळी नेमकी याच किरकोळ खर्चात काटकसर होते.

मग लगेच खणायला घ्यावे का?

मुळीच नाही. खणणे हा शेवटचा उपाय आहे, आणि तो पहिला उपाय म्हणून सुचवणाऱ्याकडे जरा सावधपणेच पाहावे. आधी जमिनीवरचे पाणी आवरावे. पन्हळी साफ असाव्यात आणि त्यांचे पाइप भिंतीपासून किमान दीड-दोन मीटर दूर रिकामे व्हावेत. भिंतीपासूनच्या पहिल्या तीन मीटरमध्ये माती सुमारे १५० मिलिमीटर उतरती असावी. घर बांधताना हा उतार बहुतेक ठिकाणी केलेला असतो, पण पाया खणून झाल्यावर भरलेली माती वर्षानुवर्षे दबत जाते आणि भिंतीलगत उथळ खोलगट भाग तयार होतो. अंगणाचा उतार अशा रीतीने कोणाच्या लक्षात न येता घराकडे फिरतो. तेथे चिकण माती भरून, धुम्मस करून उतार परत दिला, तर पुष्कळ घरांची ओल तेवढ्यानेच कमी होते. भर घालताना मातीची पातळी जोत्याच्या ओलावारोधक थराच्या वर जाऊ देऊ नये. दोहोंत १५० मिलिमीटर अंतर मोकळे हवे, नाहीतर ओल त्या थराला वळसा घालून थेट भिंतीत शिरते.

छपराचे पाणी पायाभोवतीच्या सच्छिद्र पाइपात सोडण्याचा मोह अनेकांना होतो, कारण पाइप तेथे आयताच असतो. त्याचा परिणाम उलटा होतो. जो पाइप पायाशी आलेले पाणी वाहून नेण्यासाठी आहे, तोच छपराचे टनावारी पाणी छिद्रांतून पायाशी पसरवू लागतो. छपराच्या पाण्यासाठी स्वतंत्र, छिद्रे नसलेला पाइपच हवा.

बिघाड ओळखायचा कसा?

सर्वांत भरवशाची तपासणी फुकट आहे: जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन पाइपच्या बाहेरच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे. तासभर पाऊस होऊनही तोंड कोरडे असेल आणि तळघर मात्र ओले असेल, तर वाट मध्येच कुठेतरी बंद आहे. स्वच्छ पाणी वाहत असेल, तर व्यवस्था चालू आहे. पावसाच्या पहिल्या सरीला थोडे गढूळ पाणी येणे क्षम्य आहे, पण दर वेळी आणि सतत मातकट पाणी येत असेल, तर ती माती पायाभोवतीचीच आहे. याचा अर्थ कापड फाटले आहे किंवा पाइप फुटला आहे, आणि जमिनीखाली पोकळी तयार होत आहे. वाहत्या पाइपापेक्षा कोरड्या पाइपाची धास्ती लोकांना अधिक वाटते. माझ्या मते मातकट पाणी वाहणारा पाइप जास्त चिंतेचा आहे.

कोरड्या दिवशी साफसफाईच्या उभ्या पाइपातून पंधरा-वीस मिनिटे नळीने पाणी सोडून ते बाहेरच्या तोंडाशी किती वेळाने आणि किती प्रमाणात पोहोचते, हेही पाहता येते. पाणी उभ्या पाइपात वर चढून आले, तर पुढे तुंबलेले आहे. फरशीवरची ओल जमिनीतून येते की हवेतली आर्द्रता थंड फरशीवर जमते, हा वाद प्लॅस्टिकच्या तुकड्याने मिटतो. हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने फरशीवर पक्का बसवून एक-दोन दिवस ठेवावा. कागदाच्या खाली पाणी जमले तर ते जमिनीतून आले, वर जमले तर हवेतून. दुसऱ्या प्रकारात पायाभोवती खणून काहीही हाती लागणार नाही. तेथे वायुवीजन सुधारावे लागते.

देखभालीत काय काय येते?

पावसाळ्यापूर्वी पन्हळी, जाळ्या आणि बाहेरचे तोंड साफ करावे. तोंडावर जाळी असावी, म्हणजे उंदीर-घुशी आत घरटी करत नाहीत, पण जाळीशीच पालापाचोळा अडकतो, म्हणून पावसाळ्यातही तिच्याकडे अधूनमधून पाहावे लागते. वर्षातून एकदा साफसफाईच्या पाइपातून भरपूर पाणी सोडून गाळ धुऊन काढावा. भिंतीलगत मोठी मुळे पसरणारी झाडे लावू नयेत. पाइपाच्या सांध्यातून केसाएवढे मूळ आत शिरते, त्याला बारमाही ओलावा मिळतो आणि काही वर्षांत त्याचा जाड झुबका होऊन पाइप भरून जातो.

पंप असेल तर त्याची परीक्षा कोरड्या दिवसांतच घ्यावी. खड्ड्यात बादलीने पाणी ओतावे. तरंगता गोळा वर उचलला जाऊन पंप आपोआप सुरू झाला पाहिजे आणि पाणी उपसल्यावर बंद झाला पाहिजे. बंद झाल्यावर पाइपातले पाणी धडधडत खड्ड्यात परत आले, तर त्यावरची एकमार्गी झडप गेली आहे आणि पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा उपसत आहे. वीज जाते ती बहुतेकदा वादळी पावसातच, म्हणजे पंपाची गरज सर्वांत जास्त असते तेव्हा. म्हणून बॅटरीवर चालणारा पर्यायी पंप ही चैन समजू नये. पंपाच्या जोडणीला अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा स्विच असलाच पाहिजे, आणि वीज बंद केल्याशिवाय खड्ड्यात हात घालू नये.

दुरुस्ती: धुण्यापासून खणण्यापर्यंत

तुंबलेला पाइप आधी जेटिंगने, म्हणजे दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने, धुऊन पाहावा आणि त्यानंतर आत कॅमेरा फिरवून घ्यावा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण गाळाने भरलेल्या पाइपात कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. कॅमेऱ्यात केवळ गाळ किंवा मुळे दिसली, तर साफसफाईने काम भागते. कधीकधी पाइपात नारिंगी रंगाचा बुळबुळीत साका सापडतो. भूजलात विरघळलेल्या लोहावर जगणारे जिवाणू तो तयार करतात. तो धुऊन निघतो, पण लोह पाण्यात आहे तोवर पुन्हा साचतो, म्हणून तेथे धुण्याची वारंवारता वाढवणे एवढेच हाती राहते. पाइप चेपलेला, मोडलेला किंवा मध्ये खाली झुकलेला असेल, तर मात्र तेवढा भाग खणून बदलावा लागतो.

खणताना सर्वांत मोठा धोका पाण्याचा नसून मातीचा असतो. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते आणि उभ्या कडांचा चर पूर्वसूचना न देता कोसळतो. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय कोणीही उतरू नये, आणि काढलेल्या मातीचा ढीग चराच्या काठापासून दूर टाकावा. घराची एक अख्खी बाजू एकाच वेळी उघडी करू नये. टप्प्याटप्प्याने थोडा भाग खणून, तेथले काम संपवून, भरून मगच पुढे सरकावे. जमिनीखालच्या विजेच्या, पाण्याच्या आणि गॅसच्या वाहिन्या कुठून जातात, हे कुदळ मारण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

भिंत उघडी झाली की ती घासून स्वच्छ करावी, तडे बुजवावेत, बाहेरून जलरोधक लेप द्यावा आणि त्यावर उंचवटे असलेला प्लॅस्टिकचा पत्रा लावावा, म्हणजे भिंतीशी आलेले पाणी त्यामागच्या पोकळीतून विनासायास खाली खडीत उतरते. खडी धुतलेली आणि साधारण २० मिलिमीटर आकाराची असावी. जुन्या काँक्रीटचा चुरा स्वस्त मिळतो, पण त्यातून झिरपणाऱ्या चुन्याचा थर बसून पाइपाची छिद्रे आणि कापड दोन्ही बुजतात. शेवटी माती १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांनी दाबत भरावी आणि सर्वांत वर चिकण मातीचा उतरता थर द्यावा. माती एकदम ढकलून चर बुजवला, तर ती दोन पावसाळ्यांत दबते आणि भिंतीलगत पुन्हा तोच खोलगटपणा येतो.

बाहेर खणायला जागाच नसेल, तर तळघराच्या आतून, भिंतीलगतची फरशी कापून तेथे पाइप आणि खड्डा करता येतो. त्याने दाब उतरतो आणि फरशी कोरडी होते, पण भिंत आतपर्यंत ओलीच राहते. ही तडजोड आहे हे मान्य करूनच ती करावी.

आतून वॉटरप्रूफिंग करून घेतले तर?

आतला लेप ओल झाकतो, दाब कमी करत नाही. बाहेरचे पाणी लेपाला भिंतीपासून सुटण्याच्या दिशेनेच रेटत राहते आणि क्षार लेपाच्या मागे साचतात. निचरा सुधारल्यानंतर, भिंत वाळल्यावर आतला लेप उपयोगी पडतो. त्याआधी लावला, तर केलेला खर्च भिंतीवरून पोपड्यांच्या रूपात गळून पडतो.

सगळे अंगण काँक्रीटचे केले तर पाणी मुरणारच नाही ना?

उतार घराबाहेर असेल आणि काँक्रीट व भिंत यांच्यातील सांधा लवचीक मसाल्याने बुजवलेला असेल, तर भिंतीलगतचा पट्टा नक्कीच उपयोगी ठरतो. काँक्रीटला सुमारे २ टक्के उतारही पुरतो. पण काँक्रीट मातीबरोबर खचते, सांधा उघडतो, आणि मग अंगणभर पडलेले पाणी त्या एका फटीतून थेट पायाशी उतरते. शिवाय संपूर्ण अंगण झाकल्यावर जे पाणी पूर्वी जमिनीत मुरत होते, ते कुठे तरी वाहत जाणारच, आणि बहुधा ते शेजाऱ्याच्या पायाशी जाते.

पाणी घालवून देण्याऐवजी जमिनीत मुरवणे बरे नव्हे का?

जरूर मुरवावे, मात्र पायापासून दूर. शोषखड्डा घरापासून पाच मीटर तरी लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा. चिकण मातीत पाणी फार सावकाश मुरते, म्हणून खड्डा करण्यापूर्वी त्या जागी छोटा खड्डा खणून, पाण्याने भरून, ते किती वेळात उतरते हे पाहावे. दिवसभरातही उतरले नाही, तर तेथे शोषखड्डा चालणार नाही. हे पाणी सांडपाण्याच्या वाहिनीला मात्र जोडू नये. पावसात ती वाहिनी भरली की मैलापाणी उलटे फिरून पायाभोवती येते.

निचरा फार चांगला झाला, तर माती सुकून पाया खचणार नाही का?

शंका रास्त आहे. फुगणाऱ्या चिकण मातीत अचानक बदल आणि असमान ओलावा दोन्ही घातक असतात. पण पायाभोवतीचा पाइप मातीच्या कणांनी धरून ठेवलेला ओलावा ओढून घेत नाही, तो फक्त मोकळे, साचलेले पाणी वाहून नेतो. माती कोरडी करण्याचे काम मोठी झाडे आणि दीर्घ उन्हाळा करतात. अशा मातीत निचरा घराच्या चारही बाजूंना सारखा असावा. एका बाजूला नवा पाइप आणि दुसऱ्या बाजूला डबके ही अवस्था दोन्हींपेक्षा वाईट.

अभियंत्याला केव्हा बोलवावे?

काँक्रीट आकसल्याने पडलेला केसासारखा उभा तडा सहसा निरुपद्रवी असतो. तळघराच्या भिंतीच्या साधारण मध्यावर आडवा तडा आणि तेथे भिंत आत फुगलेली दिसली, तर बाहेरचा दाब भिंतीच्या ताकदीपलीकडे गेलेला आहे. तेथे निचऱ्याच्या कामाआधी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा, कारण अशा भिंतीलगत खणल्यास किंवा यंत्र चालवल्यास ती कोसळू शकते. दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, पायऱ्यांसारखा तडा रुंदावणे, फरशी एका बाजूला कलणे यांनाही हाच नियम लागू आहे. तडा वाढतो की नाही हे ठरवण्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी, मधली रुंदी मोजून तीही तेथेच लिहावी आणि एक पूर्ण पावसाळा व एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्यावा. पावसाळ्यात बंद होणारा आणि उन्हाळ्यात उघडणारा तडा मातीच्या फुगण्या-आकसण्याचा असतो. कोणत्याही ऋतूत न थांबता रुंदावत जाणारा तडा पाया खचत असल्याचे सांगतो, आणि तो दिसला तर पुढच्या नोंदीची वाट न पाहता अभियंत्याला बोलवावे.